कोल्हापुरातल्या छोट्या लूथरन मंडळीसाठी लेंटची उपासना : राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या पहाटेपर्यंत

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, जवळ आला की मंडळीच्या बैठकीत पहिली चर्चा जांभळ्या कापडाची होते. मागच्या वर्षीचे कुठे ठेवले, रंग उतरलाय का, नवे शिवायचे का. कापड लागेलच, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण माझा आग्रह असा की आधी वचन ठरवा, मग चिन्ह. या चाळीस दिवसांत मंडळीला काय ऐकवायचे आहे हे नक्की झाले की वेदीवर काय ठेवायचे, काय झाकायचे, कोणते गीत बाजूला ठेवायचे हे सुचत जाते. उलट्या क्रमाने गेलो तर राख, मेणबत्त्या, काट्यांचा मुकुट असे सामान जमते, लोक ते बघतात आणि घरी जातात. चिन्ह पुढे आले की त्याच्याबरोबर वचन मोठ्याने वाचले गेलेच पाहिजे, हा एक नियम मी या सगळ्या लेखात धरून चालले आहे.

कोल्हापुरातला जुना प्रॉटेस्टंट समाज प्रेस्बिटेरियन मिशनच्या वळणाचा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथे आले आणि त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात उभे आहे. प्रवचनाला मान मोठा, वेदीची सजावट थोडी, अशी इथल्या घरांची सवय. लूथरन परंपरा भारतात १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या ट्रांकेबारला उतरली, झीगेनबाल्ग आणि प्लुत्शाउ या जर्मन मिशनऱ्यांबरोबर. पुढे १८४० च्या दशकात ती गुंटूरला आणि रांचीकडे रुजली. आपल्याकडे ती येते नोकरीच्या वाटेने. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले एखादे तेलुगू, तमिळ किंवा झारखंडकडचे कुटुंब, आणि लग्नाने वा मैत्रीने त्यांच्यात मिसळलेली मराठी माणसे. अशा मंडळीत एकाला कपाळावरची राख लहानपणापासून ओळखीची असते, दुसऱ्याला ती कॅथलिक वाटते, तिसऱ्याला त्यात अंगारा दिसतो. तिघेही एकाच बाकावर बसलेले असतात, आणि तिघांनाही बरोबर घेऊन जायचे आहे.

म्हणून तयारीच्या पहिल्या बैठकीत पाळकांनी १५२२ सालची गोष्ट जरूर सांगावी. ज्यांच्या नावावरून ही परंपरा ओळखली जाते ते जर्मन सुधारक मार्टिन लूथर वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून होते, तेव्हा त्यांच्या विटेनबर्ग शहरात काही उतावळ्या सुधारकांनी मूर्ती फोडायला, उपासनेचे रूप एका झटक्यात बदलायला सुरुवात केली. लूथर परतले आणि लेंटच्या पहिल्या रविवारी, ९ मार्चला, व्यासपीठावर उभे राहिले. लागोपाठ आठ दिवस प्रवचन केले. मुद्दा एकच: बदल योग्य असला तरी दुबळ्या भावाला फरफटत नेऊ नका, जबरदस्ती करू नका, वचन शिकवा आणि वचनाला त्याचे काम करू द्या. हे ऐकल्यावर राख लावायची की नाही, उपवास धरायचा की नाही, यावरून बैठकीत भांडणे होण्याचे कारण उरत नाही. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे, ज्याला नको त्याच्याकडे कोणी वळूनही बघू नये.

आधी दिनदर्शिका उघडा

ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. तिथून ४६ दिवस मागे गेलात की राखेचा बुधवार. मधले सहा रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात. रविवार हे पुनरुत्थानाचे दिवस असल्यामुळे ते उपवासात धरत नाहीत. ते लेंटमध्ये येतात, पण लेंटचे नसतात.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला. २०२८ मध्ये राखेचा बुधवार १ मार्चला आणि ईस्टर १६ एप्रिलला.

आता कोल्हापूरची खास गोष्ट. ईस्टरच्या आधीची ही पौर्णिमा काही वर्षी चैत्राची असते, काही वर्षी फाल्गुनाची. चैत्री पौर्णिमा म्हणजे जोतिबाची यात्रा. त्या दिवसांत वाडी रत्नागिरीकडे जाणारे सगळे रस्ते सासनकाठ्यांनी आणि भाविकांनी भरून जातात, एसटी गाड्या तिकडे वळतात, आणि पन्हाळ्याच्या बाजूने येणाऱ्या आपल्या लोकांना संध्याकाळी परत जाणे अवघड होते. २०२६ मध्ये चैत्री पौर्णिमा नेमकी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातच आली होती. फाल्गुनी पौर्णिमा असली तर होळी आणि मागोमाग रंगपंचमी, आणि कोल्हापुरात रंग खेळतात तो रंगपंचमीलाच. २०२७ मध्ये रंगपंचमी गुड फ्रायडेच्या आसपास पडते. पांढऱ्या कपड्यांत उपासनेला निघालेल्या आजींना भर दुपारी पेठेतून यायला सांगण्याआधी हे पाहून ठेवा. त्या वर्षी घरे लांब असलेल्यांसाठी गाड्यांची सोय करणे किंवा मिरवणुकीचा मार्ग बदलणे सोपे आहे, मात्र ते जानेवारीत ठरायला हवे. रस्त्यावरून मिरवणूक काढणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्याची परवानगीही तेव्हाच मागा.

दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत असतात. बुधवारची संध्याकाळची उपासना पाऊण तासात संपवा. ती लांबली की सर्वांत आधी तरुण मुले यायची बंद होतात.

हालेलुया ठेवून देणे

राखेच्या बुधवाराआधीचा रविवार लूथरन दिनदर्शिकेत रूपांतराचा असतो: येशू डोंगरावर तेजाने चमकतो आणि तिथून उतरून यरुशलेमेची वाट धरतो. त्या दिवशी उपासनेच्या शेवटी हालेलुयाचे गीत मनसोक्त गाऊन घ्या. मग संडे स्कूलच्या मुलांनी कापडावर रंगवलेला ‘हालेलुया’ एका पेटीत घालून पेटी वेदीखाली ठेवा. इथून ईस्टरपर्यंत हा शब्द गाण्यात नाही, प्रार्थनेत नाही. ‘परम उंचामध्ये देवाला गौरव’ हे स्तुतिगीतही थांबते. मुलांना हे फार लवकर कळते. दोन आठवड्यांनी एखाद्या पाहुण्या वक्त्याने चुकून हालेलुया म्हटले की मुलेच एकमेकांकडे बघतात. पाहुण्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

गीतांच्या बाबतीत एवढेच करा की ढोलकी आणि टाळ विसाव्याला ठेवा, नुसत्या बाजाच्या पेटीवर गा. मंडळीने स्वतः गाणे हा लूथरन उपासनेचा कणा आहे. लूथरन मंडळींचे पहिले छोटे गीतपुस्तक १५२४ सालचे. लेंट म्हणून गाणे कमी करू नका, फक्त साज कमी करा. ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन मराठी चर्चमध्ये रुजवले, ती ठेव आपल्याकडे आहे. एखाद्या बुधवारी प्रवचनाच्या जागी येशूच्या दुःखसहनाच्या कथेवर कीर्तन झाले तर वचन अधिक खोल जाते, असे माझे ठाम मत आहे.

राखेचा बुधवार

मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्या जपून ठेवल्या असतील तर त्याच वापरायच्या. त्या अगदी कडक वाळलेल्या हव्यात. उघड्यावर, लोखंडी कढईत, कात्रीने बारीक तुकडे करून जाळा. वारा नसलेली वेळ निवडा आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. राख पूर्ण गार झाली की बोटांनी चुरा, चहाच्या गाळणीतून एकदा आणि मलमलीतून एकदा गाळा. वाटीभर झावळ्यांच्या तुकड्यांतून चिमूटभरच राख निघते, आणि छोट्या मंडळीला तेवढी पुरते.

एक सूचना अगदी गांभीर्याने घ्या: राखेत पाणी घालू नका. ओली राख क्षारयुक्त होते आणि कपाळाची कातडी भाजू शकते. बोटाला चिकटण्यापुरते खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरे, नाहीतर कोरडीच वापरा. चुलीतली लाकडाची राख नको, आणि जुन्या झावळ्या नसतील तर राख न लावता उपासना करा. राखेचा विधी बहुतेक लूथरन मंडळ्यांत मधली काही शतके नव्हताच. अनेक ठिकाणी तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परत आला. त्यावाचून लेंट अडत नाही.

उपासनेचा क्रम साधा ठेवा. योएल २ वाचा, ज्यात वस्त्रे नव्हे तर हृदये फाडा असे म्हटले आहे. मग स्तोत्र ५१, मंडळीने आळीपाळीने म्हणायचे. मत्तय ६ मधला उपवास, दान आणि प्रार्थना गुप्तपणे करण्याचा भाग. छोटे प्रवचन. मग पापांगीकार, आणि या दिवशी त्यात मौनाला खरोखर वेळ द्या. दोन-तीन मिनिटे सगळे गप्प बसले तरी चालेल. त्यानंतर ज्यांना हवे ते पुढे येतात. पाळक राखेने कपाळावर क्रूस काढतात आणि प्रत्येकाला सांगतात की तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील.

इथे शिकवण्याची एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी मी पूर्ण प्रवचन खर्च करायला सांगेन. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या कपाळावर क्रूसाची खूण झाली, त्याच जागी ही राख लागते. माती आणि तारण एकाच आकारात, एकाच ठिकाणी. राख लावून घेणारा देवाची कृपा मिळवायला पुढे आलेला नसतो. ती त्याला बाप्तिस्म्यात आधीच दिलेली आहे. अंगाऱ्याची आठवण येणाऱ्या भावाला नेमका हाच फरक समजावून सांगता येतो: या राखेत काही शक्ती नाही, ती बरे करत नाही, राखण करत नाही. ती फक्त खरे बोलते. नंतर पापक्षमेची घोषणा मोठ्या, स्पष्ट आवाजात व्हायलाच हवी. राख लावून, क्षमेचा शब्द न ऐकवता लोकांना घरी पाठवणे म्हणजे नियमशास्त्र सांगून सुवार्ता गिळून टाकणे.

जांभळे कापड

वेदीचे वस्त्र, पुलपीटचे वस्त्र आणि पाळकांचा गळपट्टा, एवढे तीन तुकडे लागतात. इचलकरंजीचे साधे सुती कापड उत्तम. महाद्वार रोडवरच्या दुकानांत रंग निवडताना निळ्याकडे झुकणारी छटा टाळा, काही मंडळ्या निळा नाताळाआधीच्या आगमनकाळासाठी ठेवतात. शिवण्याआधी एक तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवून बघा. जांभळा रंग हमखास सुटतो आणि खालच्या पांढऱ्या वस्त्रावर उतरतो. कापडावर एकच चिन्ह असू द्या, साधा क्रूस किंवा काट्यांचा मुकुट. जरी आणि झालर नको. जांभळा हा राजाचा रंग आणि शिपायांनी येशूची थट्टा करताना त्याच्या अंगावर घातलेल्या झग्याचाही. मार्क १५ मधले ते वाक्य कापड पहिल्यांदा अंथरताना वाचा.

वेदीवर फुले नकोत. चौथ्या रविवारी काही ठिकाणी गुलाबी कापड वापरतात, कारण जुन्या परंपरेत तो आनंदाचा रविवार आहे. छोट्या मंडळीने त्यावर खर्च करू नये; त्या दिवशी वेदीवर फुलदाणी आली तरी अर्थ पोहोचतो. पाचव्या रविवारपासून क्रूस पातळ जांभळ्या कापडाने झाकण्याची प्रथाही आहे. आवडली तर करा.

उपवास कसा सांगावा

१५३० च्या आउग्सबर्ग विश्वासांगीकाराचा, म्हणजे लूथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्याचा, सव्विसावा लेख उपवासाला विरोध करत नाही. उपवासाने पुण्य मिळते आणि तो सगळ्यांवर सक्तीचा आहे, या शिकवणीला करतो. लूथरच्या १५२९ सालच्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे श्रद्धेचे मूळ धडे शिकवणाऱ्या पुस्तिकेत, प्रभुभोजनाच्या भागात म्हटले आहे की उपवास आणि शरीराची तयारी ही चांगली बाहेरची शिस्त आहे, पण ‘तुमच्यासाठी’ या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूसच खरा तयार असतो. या दोन गोष्टी मंडळीपुढे एकत्र ठेवा.

बाकी आपल्या भागात लेंटमध्ये मटण सोडणे म्हणजे उपवास, असे समीकरण पक्के आहे. तांबडा-पांढरा रस्सा सोडणे कोल्हापूरकराला जड जाते हे खरे. पण त्याच्या जागी साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याच्या फोडी असे ताट सजले तर ते एकादशी अन् दुप्पट खाशी झाले. मी सुचवते ते असे: बुधवारी आणि शुक्रवारी एक जेवण साधे, भाजी-भाकरीचे, आणि वाचलेले पैसे त्याच दिवशी डब्यात. शिवाय रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी काढून ठेवणे. मुलांना हे मोजता येते, त्यामुळे त्यांना ते आपले वाटते. मधुमेह असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना, कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांना जेवण सोडायला कोणी सांगू नये. आणि जो काहीच सोडत नाही त्याला विचारूही नये.

सोडण्यापेक्षा धरणे महत्त्वाचे. प्रश्नोत्तरीतली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना घरी सुरू करा. लूथर तिथे सांगतात की उठल्यावर क्रूसाची खूण करावी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घ्यावे. ही खूण कॅथलिकांचीच, असे आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. ती प्रश्नोत्तरीत पांढऱ्यावर काळे अशी लिहिलेली आहे.

पाच बुधवार आणि एक गुरुवार

लूथरन लेंटचा खरा जीव मला बुधवारच्या उपासनांत दिसतो, म्हणून इथे जरा थांबते.

राखेच्या बुधवारानंतर पवित्र आठवड्यापर्यंत पाच बुधवार मिळतात. लहान प्रश्नोत्तरीचे भाग सहा: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभुभोजन. पाच बुधवारी पाच भाग घेतले की सहावा आपोआप पवित्र गुरुवारी येतो, ज्या रात्री प्रभूने ते भोजन नेमले. प्रत्येक भागाबरोबर दुःखसहनाच्या कथेतला एक प्रसंग वाचा. लूथरचे सहकारी बुगेनहागेन यांनी चारही शुभवर्तमानांतली ही कथा एकत्र गुंफली होती आणि लूथरन मंडळ्यांत ती लेंटमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाचली जात असे. आपण थेट शुभवर्तमानातून वाचू. आणि दर बुधवारी एक वस्तू, एकच, मुलाच्या हाताने वेदीसमोरच्या पाटावर ठेवायची.

पहिला बुधवार, दहा आज्ञा. वाचन मत्तय २६ मधले, येशूला धरून देण्यासाठी यहूदाने ३० नाणी घेतली ते. वस्तू: पुरचुंडीत नाणी. ती पाटावर ओतताना आवाज झाला पाहिजे. लूथर पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगतात की सगळ्यांहून अधिक देवाचे भय, त्याच्यावर प्रेम आणि त्याच्यावर भरवसा. नाणी समोर असताना भरवसा कशावर, हा प्रश्न विचारावा लागत नाही.

दुसरा बुधवार, विश्वासांगीकार. वाचन मत्तय २७, शिपायांनी राजा म्हणून केलेली थट्टा. वस्तू: काट्यांचा मुकुट. बाभळीच्या फांद्या आणून वळवा, हाताला जाड कातडी मोजे घालून. ओल्या असतानाच वळतात, सुकल्यावर मोडतात. मुलाला तो उशीवर ठेवून द्या. ‘येशू ख्रिस्त माझा प्रभू आहे’ हे वाक्य सगळ्यांनी त्या मुकुटाकडे बघत म्हणायचे.

तिसरा बुधवार, प्रभूची प्रार्थना. येशूची गेथशेमाने बागेतली प्रार्थना, मत्तय २६. वस्तू: रिकामा प्याला. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही विनंती ज्याने शिष्यांना शिकवली त्याने ती स्वतः घाम गाळत केली. या संध्याकाळी प्रवचन अगदी थोडके करून प्रभूच्या प्रार्थनेची एकेक विनंती सावकाश म्हणा, मधे मौन.

चौथा बुधवार, बाप्तिस्मा. मत्तय २७ मध्ये पिलात लोकांसमोर हात धुतो. वस्तू: पितळी परात आणि तांब्या. पिलाताने स्वतःला स्वतः धुतले आणि तो स्वच्छ झाला नाही. बाप्तिस्म्यात आपल्याला दुसरा धुतो. प्रश्नोत्तरी म्हणते की आपल्यातला जुना आदाम रोजच्या पश्चात्तापाने बुडून मरावा आणि रोज नवा माणूस वर यावा. लूथरच्या १५१७ च्या पंचाण्णव सिद्धान्तांपैकी पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. लेंट चाळीस दिवसांचा, पण त्यात जे शिकायचे ते रोजचे आहे, हे सांगायला याहून योग्य संध्याकाळ नाही. बाप्तिस्म्याची तारीख ज्याला ठाऊक नाही त्याने घरी विचारून यावी, असे आठवडाभर आधी सांगा.

पाचवा बुधवार, पापांगीकार. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी येशूला नाकारले ते, लूक २२. वस्तू: मातीचा कोंबडा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात विचारलेत तर कोणीतरी घडवून देईल. लूथरनी खासगी पापांगीकार टाकून दिला नाही, सक्ती टाकली. उपासनेनंतर पाळकांनी अर्धा तास बसावे, एका बाजूला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. कोणी आले नाही तरी बसावे. पुढच्या वर्षी एखादा येतो.

या उपासनेचा ढाचा पाचही वेळा तोच ठेवा: संध्याकाळचे गीत, स्तोत्र, दुःखसहनाचे वाचन, वस्तू, प्रश्नोत्तरीचा भाग सगळ्यांनी मिळून, छोटे प्रवचन, मध्यस्थीची प्रार्थना, आशीर्वाद. तोच तो क्रम कंटाळवाणा होईल अशी धास्ती वाटते, पण तिसऱ्या बुधवारी लोक पुस्तकात न बघता म्हणू लागतात.

रविवारचे वाचन

तीन वर्षांच्या वाचनक्रमात २०२७ हे ब वर्ष. पाच रविवारची शुभवर्तमाने अशी: मार्क १:९-१५, मार्क ८:३१-३८, योहान २:१३-२२, योहान ३:१४-२१, योहान १२:२०-३३. रविवारी प्रभुभोजन नेहमीप्रमाणे. रविवारी सुतकी चेहरे करू नयेत, एवढेच सांगणे.

पवित्र आठवडा

झावळ्या नारळाच्या चालतात. ज्याचे झाड त्याला विचारून, रविवारी पहाटे नव्हे तर आदल्या संध्याकाळी उतरवून पाण्यात ठेवा. मुलांसाठी हातभर लांबीचे तुकडे करा. लांब झावळीचे टोक शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते. या आठवड्यासाठी जांभळ्याऐवजी गडद लाल कापड लावण्याची पद्धत आहे. उपासना संपल्यावर दहा-बारा चांगल्या झावळ्या बाजूला काढून टांगून ठेवा, पुढच्या वर्षीच्या राखेसाठी.

पवित्र गुरुवारी पांढरे वस्त्र. योहान १३ वाचल्यावर पाय धुण्याचा विधी करायचा असेल तर परात, कोमट पाणी, तांब्या आणि प्रत्येकासाठी वेगळा पंचा. कोणाचे पाय धुणार ते आधी विचारून ठरवा. मधुमेहाच्या जखमा असणाऱ्याला ऐनवेळी संकोच होतो. बाराच माणसे हवीत असे नाही. आपल्याकडे लहानाने मोठ्याच्या पाया पडायचे असते. इथे पाळक मंडळीतल्या सर्वांत लहान, सर्वांत मागे बसणाऱ्याचे पाय धुतात. ज्या शहरात शाहू महाराजांनी जातीच्या उतरंडीवर घाव घातला, तिथे कोण कोणापुढे वाकतो याचा अर्थ लोकांना न सांगता कळतो. त्यानंतर प्रश्नोत्तरीचा सहावा भाग आणि प्रभुभोजन.

शेवटी वेदी उघडी करायची. स्तोत्र २२ एकाच आवाजात वाचले जात असताना दोघेतिघे जण आधी गीतपुस्तके, मग मेणबत्त्या, मग प्याला आणि थाळी, मग वस्त्रे एकेक करून बाहेर नेतात. घाई करू नये, वस्तू एकमेकींवर आपटू नयेत, कोण काय उचलणार याची आदल्या दिवशी एकदा उजळणी करावी. उघडी फळी दिसू लागली की दिवे मंद. आशीर्वाद नाही. लोक न बोलता चपला घालून निघतात.

गुड फ्रायडेला महाराष्ट्रभर बारा ते तीन क्रुसावरील सात उद्गारांची उपासना होते, ती आपणही करावी. पहिला, दुसरा आणि सातवा उद्गार लूकमधला. तिसरा, पाचवा, सहावा योहानातला. चौथा मत्तय आणि मार्कमध्ये. प्रत्येक वक्त्याला दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही, आणि हे लेखी कळवा. मार्चअखेरीच्या उन्हात तीन तास बसणाऱ्यांसाठी मागे पाण्याचा माठ असू द्या.

मला त्याहून जवळची वाटते ती योहान १८ आणि १९ वेगवेगळ्या आवाजांत वाचण्याची रीत. एक निवेदक, एक येशू, एक पिलात, एक पेत्र, आणि जमाव म्हणजे सगळी मंडळी. ‘वधस्तंभावर खिळा’ हे शब्द आपल्याच तोंडून निघतात. वाचनाआधी पाळकांनी दोन वाक्यांत सांगावे की हा जमाव म्हणजे आपण. १५१९ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या मननावर लिहिताना लूथरनी सुरुवातीलाच अशा लोकांना बाजूला सारले जे यहूदी लोकांवर आणि यहूदावर राग काढून मोकळे होतात. त्यांचे म्हणणे असे की या दुःखात आधी आपले पाप बघावे, भ्यावे, आणि मग ते पाप ख्रिस्तावर टाकून त्याच्या पुनरुत्थानाकडे पाहावे. पुढच्या आयुष्यात त्यांनी स्वतः यहूद्यांविरुद्ध कठोर आणि वाईट लिखाण केले, जे आज जगभरच्या अनेक लूथरन मंडळ्यांनी उघडपणे नाकारले आहे. म्हणूनच ही सूचना वगळू नये. गुड फ्रायडे ही ख्रिस्ताची शोकसभा नव्हे. क्षमेचा शब्द आजही स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

संध्याकाळी अंधाराची उपासना करायची असल्यास सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो हे धरून सव्वासातला सुरू करा. सात मेणबत्त्या आणि मधे एक मोठी, ख्रिस्ताची. प्रत्येक वाचनानंतर एक विझते. शेवटची मोठी विझवत नाहीत. ती जळतीच आडोशाला नेतात. मग एक मोठा आवाज होतो, कबर मिटल्याचा, जाड पुस्तक फळीवर आपटून केलेला. त्याची कल्पना हृदयविकार असणाऱ्यांना आणि लहान मुलांच्या आयांना आधी द्या. मग मोठी मेणबत्ती परत आणतात आणि तिच्या उजेडात लोक बाहेर पडतात. पंखे बंद ठेवावे लागतात, म्हणून खिडक्या आधीच उघडा आणि मेणबत्त्यांना काचेच्या चिमण्या लावा. बाहेर पडण्याच्या वाटेवर एक छोटा बॅटरीचा दिवा खाली जमिनीलगत ठेवा.

शनिवारी महिला मंडळाचे आणि तरुणांचे काम: झाडलोट, पांढरी वस्त्रे, मोगरा आणि निशिगंध. बाप्तिस्मा घेणारे कोणी असतील तर ईस्टर हा त्यांच्यासाठी सर्वांत जुना आणि योग्य दिवस. परात आणि तांब्या चौथ्या बुधवारचेच वापरा. पहाटेची उपासना सहाच्या आत सुरू झाली तर सूर्य उपासनेत उगवतो. सुरुवातीला मुलांनी हालेलुयाची पेटी उघडायची आणि पहिला शब्द त्यांनीच म्हणायचा. ढोलकीवाल्याला तेव्हा तयार बसायला सांगा.

सोमवारी दानाचे डबे दोघांसमोर उघडून मोजा, मुठींचे तांदूळ तोलून घ्या. पैसा आणि धान्य कोणाला जाणार हे राखेच्या बुधवारीच जाहीर केलेले असावे. आता रक्कम फलकावर लिहून पोहोच घ्या. जांभळे कापड गार पाण्यात वेगळे धुऊन, सावलीत वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यासह पेटीत ठेवा आणि पेटीवर चिठ्ठी लावा: आत काय आहे, कोणत्या मापाचे आहे, आणि काय नव्याने घ्यावे लागेल.